काळ्या पट्ट्याचा हिशेब

कराटेच्या वर्गात मुलाचे नाव घालायला आलेला पालक पहिला प्रश्न शुल्काचा विचारतो आणि दुसरा काळाचा : ब्लॅक बेल्ट मिळायला किती वर्षे लागतात? प्रश्न साधा आहे, व्यवहारी आहे, आणि त्याची चेष्टा करण्याचा आमचा हेतू नाही. कारण आमच्यापैकी एकाने काही वर्षांपूर्वी हाच प्रश्न एका वर्गाच्या दारात उभे राहून विचारला होता. 'चार वर्षं, मुलगी नियमित आली तर साडेतीन,' असे उत्तर मिळाले. मुलगी नियमित गेली. पावसाळ्यात गेली, परीक्षेच्या आदल्या दिवशीही गेली. चार वर्षे भरत आली तेव्हा कमरेला काळा पट्टा बांधून घरी परतली, शेजारीपाजारी पेढे वाटून झाले. पुढचा सोमवार उजाडला, संध्याकाळचे सहा वाजले, तरी ती जागची हलली नाही. 'आज क्लास नाही का गं?' असे विचारल्यावर तिने जरा नवलानेच पाहिले आणि म्हणाली, 'झालं ना आता, बाबा! ब्लॅक बेल्ट मिळाला की.'

हा प्रसंग दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये सांगितला गेला तेव्हा आम्ही हसलो. थोड्या वेळाने हसू ओसरले, कारण 'झालं ना आता' हे वाक्य आमच्या चांगलेच ओळखीचे होते. एम.ए.चा निकाल लागल्यावर ग्रंथालयाचे कार्ड परत करायला आलेल्या विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावर ते आम्ही वाचले आहे. पीएच.डी.ची मौखिकी आटोपून बाहेर पडणाऱ्या सहकाऱ्यांच्या सुस्काऱ्यात ते ऐकले आहे. आणि खरे सांगायचे तर कधीकाळी स्वतःशी उच्चारलेही आहे. तेव्हा मुलीला बोल लावण्याआधी काळ्या पट्ट्याचा हिशेब एकदा नीट मांडून पाहावा असे आम्हाला वाटले. तो मांडता मांडता आम्ही ओकिनावाला, तिथून तोकियोला आणि अखेरीस आमच्याच वर्गाच्या उंबरठ्यापाशी येऊन पोचलो.

प्रथम सरळ उत्तर देऊन टाकू. आठवड्यातून दोन-तीन दिवस, तास-दीड तास असा सराव करणाऱ्या प्रौढ माणसाला बहुतेक परंपरांत पहिल्या काळ्या पट्ट्यापर्यंत पोचायला साधारणतः तीन ते पाच वर्षे लागतात, मुलांना अधिक. पुष्कळ संघटना ठरावीक वयाच्या आतल्या मुलांना 'ज्युनियर' श्रेणी देतात आणि वय पूर्ण झाल्यावर त्यांची पुन्हा परीक्षा घेतात. पांढऱ्या पट्ट्यापासून निघून पिवळा, केशरी, हिरवा, निळा, तपकिरी अशा रंगांतून पुढे सरकण्याचा क्रम शैलीगणिक बदलतो. पण एक गोष्ट सर्वत्र सारखी आहे. काळ्याच्या आधीच्या पायऱ्यांना 'क्यू' म्हणतात आणि त्यांचे अंक उतरते असतात : दहावी क्यू, नववी, आठवी, असे करत पहिली. काळ्या पट्ट्यापासून 'दान' सुरू होते आणि त्याचे अंक चढते. (या जपानी 'दान'चा आपल्या दानाशी काही संबंध नाही, मात्र काही वर्गांत हे पद ज्या औदार्याने वाटले जाते ते पाहता तसा समज झाल्यास दोष कोणाला द्यावा?) उतरती मोजणी संपते तिथे चढती सुरू होते, ही रचना आपण ध्यानात ठेवू, पुढे तिची गरज लागेल.

तीन ते पाच वर्षे हे उत्तर चुकीचे नाही. मात्र ते कॅलेंडरचे उत्तर आहे आणि कॅलेंडर सराव करत नाही. या बाबतीत आमच्या वाचनात आलेले सर्वांत मार्मिक उत्तर १९०८ सालचे आहे आणि ते देणारा माणूस शिक्षण खात्याला पत्र लिहीत होता.

इतोसु आन्को (१८३१–१९१५) हे ओकिनावातले कराटेचे थोर आचार्य. ओकिनावा म्हणजे पूर्वीचे र्‍युक्यू राज्य. १८७९ मध्ये जपानने ते खालसा करून आपला एक प्रांत केले. तोवर ही विद्या रात्रीच्या अंधारात, अंगणाच्या भिंतीआड, एका गुरूकडून दोन-चार शिष्यांकडे जात असे. तिला शाळेच्या मैदानात उजेडात आणली ती इतोसुंनी. विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी ती प्राथमिक शाळेत शिरली, पुढे माध्यमिक शाळेत आणि अध्यापक विद्यालयातही. लहान मुलांना झेपावेत म्हणून त्यांनी 'पिनान' नावाचे पाच काता रचले. काता म्हणजे आघात, बचाव आणि पदन्यास यांची ठरलेल्या क्रमाने बांधलेली आकृती. १९०८ मध्ये त्यांनी शिक्षणाधिकाऱ्यांसाठी दहा कलमांचे एक टिपण लिहिले. त्यात ते म्हणतात, की ही विद्या झटपट येणारी नव्हे. संथ चालीचा बैलही चालत राहिला तर हजार कोस गाठतो, तसे तिचे आहे. रोज एक-दोन तास मन लावून सराव केला तर तीन-चार वर्षांत माणसाच्या शरीरात फरक दिसू लागेल आणि अशा सरावातूनच अनेकांना विद्येच्या गाभ्यापर्यंत जाता येईल.

तीन-चार वर्षे! आजच्या वर्गातही हाच आकडा सांगितला जातो. पण इतोसुंच्या वाक्यातला 'रोज एक-दोन तास' हा भाग वाटेत कुठेतरी गळून पडला आहे. रोजचा एकच तास धरला तरी तीन वर्षांचे सुमारे अकराशे तास होतात. दोन तास आणि चार वर्षे धरली तर एकोणतीसशे. आठवड्यातून दोनदा तासभर भरणाऱ्या आजच्या वर्गात, एकही खाडा नाही आणि दिवाळीची सुट्टीही नाही असे गृहीत धरले तरी, वर्षाला १०४ तासच भरतात. म्हणजे इतोसुंच्या किमान हिशेबाला पोचायला दहा वर्षांहून अधिक काळ हवा. आणखी एक बाब : या अकराशे तासांनंतर इतोसु पट्टा देऊ करत नव्हते. पट्टा त्यांच्या जगात नव्हताच. शरीर बदलेल आणि दार किलकिले होईल, एवढेच त्यांचे आश्वासन होते.

त्यांचे शिष्य फुनाकोशी गिचिन (१८६८–१९५७) यांनी उतारवयात लिहिलेल्या आत्मकथनात आपल्या शिक्षणाचे वर्णन केले आहे. दिवसा शाळेत मास्तरकी करायची आणि रात्री कंदील घेऊन गुरू आझातो यांच्या घराची वाट धरायची. अंगणात एकच काता रात्रीमागून रात्री, महिनोनमहिने करत राहायचे. गुरूच्या तोंडून 'पुन्हा' याखेरीज फारसे काही ऐकायला मिळायचे नाही. एका काताला तीन वर्षे द्यावीत असा त्या काळचा दंडक. तीन काता शिकण्यात आपली दहा वर्षे गेली, असे फुनाकोशी नोंदवतात. मराठी वाचकाला हे परके वाटू नये. आपल्याकडे ग्रंथाचे वाचन निराळे आणि पारायण निराळे. वाचनाने ग्रंथ संपतो. पारायणात शेवटची ओवी आली की पहिली ओवी पुन्हा समोर उभी राहते. ज्ञानेश्वरीची किती पारायणे झाली असे विचारतात. ज्ञानेश्वरी 'झाली का' असे कोणी विचारत नाही. फुनाकोशींची दहा वर्षे ही तीन काताची पारायणे होती.

मग हा पट्टा आला कुठून? याविषयी एक कथा कराटेच्या वर्गांत आवडीने सांगितली जाते. पूर्वी म्हणे पांढरा एकच पट्टा असे, आणि तो कधी धूत नसत. घाम, माती आणि वर्षे यांनी तो हळूहळू काळा होत जाई. कथा सुंदर आहे, पण इतिहास म्हणून ती टिकत नाही. काळा पट्टा मळून झालेला नाही. तो योजून आणलेला आहे, आणि आणणारा माणूस आमच्याच व्यवसायातला होता.

कानो जिगोरो (१८६०–१९३८) यांनी १८८२ मध्ये ज्यूदोची स्थापना केली. ते शिक्षणतज्ज्ञ होते. शिक्षक घडवणाऱ्या तोकियोतल्या उच्च अध्यापक विद्यालयाचे प्रमुखपद त्यांनी दीर्घकाळ सांभाळले. 'गो' या पटावरच्या खेळात सतराव्या शतकापासून दान-श्रेणी रूढ होत्या. ती कल्पना उचलून कानोंनी १८८३ मध्ये आपल्या दोन शिष्यांना, तोमिता त्सुनेजिरो आणि साइगो शिरो यांना, पहिली दान दिली; त्यानंतर काही वर्षांत श्रेणीप्राप्त शिष्यांनी काळा पट्टा बांधण्याची प्रथा पडली. पूर्वीच्या युद्धविद्यांच्या घराण्यांत गुरू शिष्याला परवान्याची गुंडाळी देई. तिचे टप्पे मोजके असत आणि दोन टप्प्यांमध्ये कैक वर्षे जात. कानोंनी शिडीला जवळजवळ पायऱ्या ठोकल्या. मोठ्या संख्येने येणाऱ्या तरुणांना पुढची पायरी दिसत राहिली पाहिजे, हा शिक्षकी विचार त्यामागे होता. रंगीत पट्टे तर त्याहून अलीकडचे. १९३० च्या दशकात पॅरिसमध्ये ज्यूदो शिकवणाऱ्या कावाइशी मिकिनोसुके यांच्यामुळे ते युरोपात रुजले आणि तिथून सर्वदूर गेले.

फुनाकोशी १९२२ मध्ये तोकियोला आले ते शिक्षण खात्याच्या शारीरिक शिक्षणविषयक प्रदर्शनात कराटेचे प्रात्यक्षिक दाखवायला. कानोंनी त्यांना आपल्या संस्थेत बोलावून घेतले, प्रोत्साहन दिले, आणि पन्नाशी ओलांडलेला हा मास्तर परत न जाता राजधानीतच राहिला. ओकिनावातल्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात खोली मिळाली. मोबदल्यात राखणदारी, झाडलोट अशी कामे करायची आणि उरलेल्या वेळात तिथल्याच दालनात कराटे शिकवायचे. १९२४ मध्ये त्यांनी कानोंचा कित्ता गिरवत आपल्या शिष्यांना कराटेतल्या पहिल्या दान-श्रेणी दिल्या. त्याच वर्षी केइओ विद्यापीठात कराटेचे मंडळ सुरू झाले आणि पाठोपाठ इतर विद्यापीठांत. १९३० च्या दशकात जपानच्या युद्धकलांच्या मध्यवर्ती संस्थेने कराटेला मान्यता दिली ती ठरीव गणवेश, ठरीव पाठ्यक्रम आणि ठरीव श्रेणी यांच्या अटींसह. विद्यापीठातला विद्यार्थी येतो आणि तीन-चार वर्षांनी बाहेर पडतो; त्या अवधीत त्याच्या पदरात काहीतरी पडायला हवे. तीन-चार वर्षांत काळा पट्टा हे गणित घट्ट होण्यात विद्यापीठाच्या कालमानाचा वाटा मोठा असावा, असे आमचे अनुमान आहे.

इतोसु, कानो, फुनाकोशी हे तिघेही शाळा-कॉलेजांशी बांधलेले होते. काळ्या पट्ट्याचा इतिहास योद्ध्यांचा असल्याची आपली समजूत असते; वस्तुतः तो बव्हंशी शिक्षकांचा आहे. अंगणातली विद्या वर्गात आणताना जे जे करावे लागते ते सारे त्यांनी केले : तिचे धडे पाडले, क्रम लावला, परीक्षा ठेवली, प्रमाणपत्र दिले. योगायोग असा, की १९०१ मध्येच, मे महिन्याच्या ५ तारखेला, कुरुंदवाडात जन्मलेल्या आणि मिरजेला शिकलेल्या पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय उघडले आणि घराण्यांच्या ओसरीवरचे गाणे इयत्तांमध्ये आणले. इतोसु आणि पलुसकर यांनी एकमेकांचे नाव ऐकले असण्याचा संभव नाही. पण काळाने दोघांपुढे एकच प्रश्न टाकला होता आणि दोघांनी उत्तरही एकच दिले. त्या उत्तराचे लाभ आपण सर्वांनी उपभोगले आहेत. ज्यांना कोणा उस्तादाने दारात उभे केले नसते अशा हजारो मुलामुलींच्या गळ्यात त्यामुळे सूर आला. कराटेही ओकिनावाच्या भिंतीआडून निघून जगभर पोचले ते त्यामुळेच. जुन्या काळाच्या आठवणीने गहिवरून 'अंगणच बरे होते' असे म्हणणे आम्हाला मान्य नाही. त्या अंगणात फार थोड्यांना प्रवेश होता, आणि मुलींना तर जवळपास नव्हताच.

गहिवर आवरण्याचे आणखी एक कारण आहे. १९२४ मध्ये ज्यांना पहिल्या दान-श्रेणी मिळाल्या त्यांनी फुनाकोशींजवळ किती वर्षे घालवली होती? गुरू तोकियोत येऊन पुरती दोन वर्षेही झाली नव्हती! त्यांच्यातले गिमा शिंकिन मूळचे ओकिनावाचे, तिथे आधीच शिकलेले. ओत्सुका हिरोनोरी लहानपणापासून जुजुत्सुत मुरलेले, पुढे स्वतःची शैली स्थापन करणारे. म्हणजे काळा पट्टा पहिल्यांदा बांधला गेला तेव्हासुद्धा प्रश्न 'किती वर्षे झाली' असा नव्हता. समोरचा माणूस काय घेऊन उभा आहे, असा होता. तेव्हा 'आमच्या वेळी दहा वर्षे लागत' असा दाखला देऊन आजच्या चार वर्षांना हिणवणारे जितके चुकतात, तितकेच 'दीड वर्षात ब्लॅक बेल्टची हमी' असा फलक लावणारेही. दोघेही काळालाच गुणवत्ता समजतात; एक तो महाग विकतो, दुसरा स्वस्त.

शिष्याला रखडवत ठेवणे हेही काही थोरपण नव्हे, हेही इथेच म्हणून ठेवतो. 'अजून वेळ आली नाही' हे वाक्य जाणत्या गुरूच्या तोंडी मार्गदर्शन असते आणि दुबळ्या गुरूच्या तोंडी सत्ता असते. परीक्षेचे शुल्क भरत राहावे म्हणून पुढे ढकलला जाणारा पट्टा आणि सही मिळावी म्हणून वर्षानुवर्षे मार्गदर्शकाच्या घरचे गॅस सिलेंडर आणून देणारा संशोधक विद्यार्थी, यांत फरक फक्त गणवेशाचा आहे. लिखित पाठ्यक्रम आणि ठरलेली मुदत यांनी शिष्याला या लहरीपासून काही प्रमाणात तरी वाचवले. किती वर्षे लागतील, हे विचारण्याचा त्याला हक्क आहे आणि त्या प्रश्नाला स्पष्ट उत्तर मिळण्याचाही.

आमचा आक्षेप प्रश्नाला नाही. त्याच्या पोटात दडलेल्या एका गृहीतकाला आहे. काळा पट्टा म्हणजे मुक्काम, हे ते गृहीतक. आणि इथे जपानी भाषाच आपल्याला अडवते. दुसऱ्या दानला 'निदान' म्हणतात, तिसऱ्या दानला 'सानदान'; नि म्हणजे दोन, सान म्हणजे तीन. या न्यायाने पहिल्या दानला 'इचिदान' म्हणायला हवे होते, कारण 'इचि' म्हणजे एक. पण तिचे नाव 'शोदान' आहे. त्यातला 'शो' हा अंक नव्हे. त्या चिन्हाचा अर्थ आरंभ. आपल्याकडे पंधरवड्याच्या तिथींत द्वितीया, तृतीया, चतुर्थी असे संख्येचे नाव चालते. पण पहिल्या तिथीला प्रतिपदा म्हणतात, पाऊल टाकण्याची तिथी. शोदान हा कराटेचा पाडवा आहे. उतरती मोजणी संपून चढती सुरू होते ती इथेच. क्यू उतरत उतरत माणूस शून्यापर्यंत, म्हणजे आरंभरेषेपर्यंत येतो. पेढे वाटायला हरकत नाही. पाडव्यालाही आपण गोडधोड करतोच. पण पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी 'झालं ना आता वर्ष' असे कोणी म्हणत नाही.

हेच आरंभाचे चिन्ह जपानी कलाविचारातल्या एका महत्त्वाच्या शब्दात येते : 'शोशिन', आरंभीचे मन. नो नाट्याचा श्रेष्ठ नट, नाटककार आणि मीमांसक झेआमी (१३६३–१४४३) याने या शब्दाभोवती मोठा विचार उभा केला. कानोंनी 'शोदान' हा शब्द झेआमीवरून घेतला असे आम्ही म्हणत नाही. तो गो खेळातून आला. पण एकाच भाषेतले दोन शब्द एकमेकांवर प्रकाश टाकतात तेव्हा त्या उजेडात वाचायला हरकत नसावी. 'फूशिकादेन' या ग्रंथाच्या पहिल्या भागात झेआमी नटाच्या साधनेचा वयानुसार आराखडा देतो : सातव्या वर्षी आरंभ, मग किशोरवयाचा आयता बहर, तो ओसरल्यानंतरची अवघड वर्षे, असे करत पन्नाशीच्या पुढपर्यंत. पुढे १४२४ मधल्या 'काक्यो'मध्ये तो शोशिनचे तीन प्रकार सांगतो. शिकायला लागलो तेव्हाचे कच्चेपण विसरू नये. प्रत्येक टप्प्यावर त्या टप्प्यापुरते आपण नवखे असतो, ते विसरू नये. आणि म्हातारपणीही आपण नवखे असतो, कारण म्हातारपण यापूर्वी कधी अनुभवलेले नसते. हे तिसरे वाचून आम्ही, चाळिशी ओलांडलेले लोक, काही वेळ गप्प बसलो होतो. निवृत्तीला वीसेक वर्षे उरली असता आपण 'अनुभवी' या पदवीखाली किती निर्धास्तपणे जुन्या टिपणांवर तास घेत आहोत, हे आम्हाला कोणी सांगण्याची गरज नव्हती.

आता आमच्या घरचा हिशेब. नव्या श्रेयांक पद्धतीत एक श्रेयांक म्हणजे पंधरा तासांचे अध्यापन. एम.ए.चे ऐंशी श्रेयांक धरले तर बाराशे तास होतात. इतोसुंच्या किमान हिशेबाशी हा आकडा जवळजवळ जुळतो, याची आम्हाला मौज वाटली. कागदावर आमचा विद्यार्थी दोन वर्षांत बाराशे तास साहित्यात घालवतो. त्याच्या वाचणाऱ्या मनात फरक दिसायला हरकत नाही. पण हे तास ऐकण्याचे आहेत. वाचण्याचे तास कोण मोजतो? एका कादंबरीला किती वाचने दिली, एका कवितेपाशी किती रात्री बसलो, याचा रकाना आमच्या कोणत्याही तक्त्यात नाही. प्रश्नपत्रिकेला पुरेल एवढा सारांश हाती आला की काता 'झाला'. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ला किमान तीन आणि कमाल सहा वर्षे दिली जातात. मुदत असावी, याबद्दल वाद नाही. पण तीन वर्षे भरली म्हणजे संशोधक झाला आणि सहा वर्षे उलटली म्हणजे तो नालायक ठरला, असे जेव्हा आपण मनातून मानू लागतो तेव्हा नियम आणि विद्या यांची आपण गल्लत करतो. 'पी हळद नि हो गोरी' ही म्हण आपण विद्यार्थ्यांना ऐकवतो. हळदीचा पेला मात्र आपल्याच हातात असतो.

यावर कोणी म्हणेल, की कराटेचा पट्टा आणि साहित्याची पदवी यांची तुलना ओढूनताणून केलेली आहे. पदवीवर नोकरी अवलंबून असते, पट्ट्यावर काय अवलंबून असते? आक्षेपात तथ्य आहे. वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर राबणाऱ्या तरुण सहकाऱ्याला 'पदवी हा केवळ आरंभ आहे' असे सुनावणे क्रूरपणाचे होईल. त्याला ती पदवी आज हवी, कारण त्याचे घर तीवर चालायचे आहे. पण म्हणूनच पदवीचे नोकरीतले मोल आणि तिचे विद्येतले स्थान या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणे अगत्याचे आहे. नोकरीसाठी ती शेवटची अट असू शकते. विद्येच्या दृष्टीने ती शोदानच. पहिली बाजू शासनाशी भांडून मिळवायची आहे; दुसरी कोणाशी भांडून मिळत नाही.

एक अलीकडचे दृश्य सांगून आवरतो. तोकियोचे ऑलिंपिक २०२१ मध्ये झाले, त्यात कराटेचा प्रथमच समावेश होता. (२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याला स्थान मिळाले नाही.) पुरुषांच्या काता प्रकारात सुवर्णपदक मिळवले ते कियुना र्‍यो याने, तो ओकिनावाचा, त्या प्रांतात जन्मलेला पहिला ऑलिंपिक सुवर्णविजेता. पाचव्या वर्षी त्याने कराटे सुरू केले होते आणि पदक मिळाले तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता : सव्वीस वर्षे, आणि त्यानंतर काही मिनिटांचा काता. पदक स्वीकारताना त्याच्या हातात दिवंगत आईचे छायाचित्र होते. पण आमचे लक्ष दुसऱ्याच तपशिलाकडे गेले. या स्पर्धांत ओळखीसाठी एक खेळाडू लाल पट्टा बांधतो आणि दुसरा निळा. जगातल्या अव्वल खेळाडूंनी जिद्दीने कमावलेला काळा पट्टा त्या चटईवर कमरेला नसतो. तिथे उरते ते शरीर आणि त्यात मुरलेले तास.

मळून काळा झालेल्या पट्ट्याची कथा खोटी असली तरी तिचा उलटा प्रकार मात्र खरा आहे. काळा पट्टा आतून पांढऱ्या सुताचा असतो, वर काळे कापड शिवलेले. वर्षानुवर्षे बांधून, ओढून, गाठ घट्ट करून ते काळे कापड विरत जाते, धागे सुटतात आणि आतला पांढरा रंग दिसू लागतो. जुन्या शिक्षकांच्या कमरेचे असे पांढुरके झालेले पट्टे पुष्कळांनी पाहिले असतील. त्यासाठी कोणी परीक्षा घेत नाही आणि प्रमाणपत्रही देत नाही.

आमच्या मित्राच्या मुलीचा पट्टा कपाटात आहे. घडी मोडलेली नाही, त्यामुळे अजून कोरा काळा आहे. तिने परत जावे की नाही, हे ती ठरवील. त्यासाठी तिच्या मागे लागायचे नाही असे तिच्या वडिलांनी ठरवले आहे. चार वर्षांपूर्वी आपण विचारलेला प्रश्नच तिने उत्तरासारखा पाठ केला, एवढे त्यांना उमगले आहे. पुन्हा कधी अशा दारात उभे राहण्याची वेळ आली, तर 'किती वर्षे लागतील' याच्या जोडीला आणखी एक गोष्ट विचारायची, असे आम्ही ठरवले आहे : 'इथे पट्टा मिळाल्यानंतरही येणारे कितीजण आहेत?' आमच्या विभागाविषयी हाच प्रश्न कोणी आम्हाला विचारला, तर काय उत्तर द्यायचे, याची तयारी मात्र अजून झालेली नाही.